दूरची बातमी

दिवस बारावा

"फाटकं आलंय," टपालखिडकीतली बाई म्हणाली. "तक्रार करायची असेल तर कागद देते, भरून दे."

फिकट निळं परदेशी पत्र होतं. रेवदंड्याचा शिक्का. खालचा डावा कोपरा गेलेला. मी म्हटलं, तक्रार नको, आतला मजकूर शाबूत असला म्हणजे झालं.

भाऊजींचं पत्र शुक्रवारी, त्यांच्यासमोरच उघडायचं असा नेम होता. पण कोपऱ्याबरोबर एखादी ओळ गेली असेल तर आधी बघून ठेवावी, ऐन वेळी अडखळायला नको, म्हणून मी खिडकीबाहेरच्या बाकावर बसून ते उघडलं.

'चि. रहमीम यास कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या मातोश्री सकूबाई रविवार ता. १ फेब्रुवारी रोजी पहाटे वारल्या. त्याच दिवशी दुपारी तुमच्या रीतीप्रमाणे माती दिली.'

त्याखाली आणखी आठ-दहा ओळी होत्या. त्याही वाचल्या. मग पत्र घडीवर घडी घालून उठले.

बारावा म्हणजे मातीपासून बारावा. असं मोजायला मी अजून शिकले नव्हते. त्या दिवशी तो नुसता गुरुवार होता, १९७० सालातला, आणि दिमोनाच्या रस्त्यावर वाळवंटातली धूळ उडत होती.

रस्त्यापलीकडे दुकानासमोर टेंपो उभा होता. भाऊजी वर चढून खोकी खाली देत होते. माझ्या हातातला निळा कागद त्यांनी लांबूनच ओळखला.

"आयेचं आलं वाटतं?"

"आलं."

"उद्या वाचू. आज साबण उतरवायचाय."

ते हसत होते. मीही हसले. कसं हसले असेन देव जाणे.

हे आधी सांगायला हवं होतं

भाऊजी म्हणजे रहमीम कोर्लेकर. माझ्या थोरल्या बहिणीचे, सिपोराताईचे यजमान. आज त्यांच्या नावाची त्रेसष्ट दुकानं आहेत. इस्रायलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही जा, भिंतीएवढ्या काचा आणि वर लाल अक्षरांत कोर्लेकर. तेव्हा दोन होती. खरं तर एक होतं आणि दुसरं, बसने तासाभरावरच्या बीरशेवा शहरात, मंगळवारी उघडायचं होतं.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले यहुदी. त्यांच्या घरी तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. वडील लवकर गेले. पाचव्या वर्षापासून भाऊजी बैलामागे फिरले, त्यामुळे शाळा नाही. चोपन्न साली पत्र्याची एक पेटी घेऊन या देशात आले. आधी रस्त्यावर खडी फोडली. मग डालड्याच्या डब्यात कढीपत्ता लावला आणि त्याच्या काड्या हातगाडीवरून विकल्या. चिंच, गरम मसाला, पोहे, मग तांदूळ. चौदा वर्षांनी दिमोनात स्वतःचं शटर. आई मात्र आली नाही. "घाण्याजवळ जन्म गेला, तिथेच माती पडू दे," म्हणाली. दर महिन्याला शेजारच्या म्हात्रे मास्तरांकडून पत्र लिहवून घ्यायची.

मी मिल्का. भायखळ्याची, मॅट्रिक झालेली. दिमोनाच्या कापडगिरणीत दिवसभर मागावर उभी राहायची आणि शुक्रवारी दुपारी, दुकान बंद झालं की भाऊजींना त्यांच्या आईचं पत्र वाचून दाखवायची, नवं नसलं तर जुनंच.

दिवस बारावाच, दुपार

ताई दुकानामागच्या खोलीत मसाला पुड्यांत भरत होती. तिला फक्त पहिल्या दोन ओळी वाचून दाखवल्या. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि रडली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीकडे तोंड करून रडली. मग डोळे पुसले, तर हाताचं तिखट डोळ्यात गेलं, आणि दोघींनाही कळेना की आता ती कशाने रडतेय.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"आज कळलं तर आजपासून दुखवट्याचे सात दिवस. बुधवार उजाडेपर्यंत ते जमिनीवर. दुकानाला टाळं. आणि बीरशेवाचं उद्घाटन मंगळवारी."

"एक दिवस पुढे ढकला की, ताई. एकच दिवस."

"मार्कूला तू सांगतेस की मी सांगू?"

मार्कू म्हणजे बीरशेवातल्या जागेचा मालक, रुमानियाचा. बसस्टँडसमोरची जागा त्याने आम्हाला नाइलाजाने दिली होती. करारात साफ लिहिलं होतं, सतरा तारखेला दुकान उघडलं नाही तर करार रद्द. अठराला तिथे त्याच्या मेव्हण्याचं बुटांचं दुकान लागलं असतं.

"आधी उघडू दे," ताई म्हणाली. "मग सांगू."

"मग म्हणजे कधी?"

"मग म्हणजे मग!"

खालच्या ओळी मी तिला वाचून दाखवल्या नाहीत. तिने ऐकल्या असत्या तर तिथल्या तिथे उठून ती भाऊजींकडे गेली असती. हे मला तेव्हा माहीत होतं आणि आजही आहे.

कारण असं की बीरशेवाच्या दुकानाचं काउंटर माझं होतं. भाऊजींनी शब्द दिला होता. दुकानावरची एक खोली, तिला स्वतंत्र जिना, आणि मागावरून कायमची सुटका. मी सव्वीस वर्षांची होते. गिरणीतल्या धाग्यांचे तंतू खोकल्यातून पडायला लागले होते. तेव्हा ताई "मग" म्हणाली आणि मला हायसं वाटलं.

दिवस तेरावा

शुक्रवार. दोनला शटर अर्धं खाली आलं. भाऊजी तांदळाच्या पोत्यावर बसले, चपला काढून पाय जवळ घेऊन, गावी ओटीवर बसावं तसे. मी स्टुलावर.

रात्रभर मी ठरवलं होतं की दुसराच कागद आणायचा, जुनं एखादं पत्र. पण त्यांनी कालच हे पाहिलं होतं. म्हणून हेच काढलं.

"बघू," ते म्हणाले.

त्यांनी पत्र हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. अक्षर येत नसलं तरी ते दर वेळी असं करायचे.

"हे कुठे फाटलं?"

"पोस्टात. खिडकीवरची बाई म्हणाली, तक्रार करा."

"हं."

बराच वेळ कागद त्यांच्या हातात राहिला. मग त्यांनी तो माझ्याकडे दिला आणि शटरखालून येणाऱ्या उन्हाकडे तोंड केलं.

"वाच."

मी वाचलं. म्हणजे कागद समोर धरला आणि मनाने बोलले. डोळ्यांसमोर मास्तरांचं अक्षर, 'पहाटे वारल्या', आणि तोंडाने चालू होतं की चि. रहमीम यास आईचा अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. यंदा पांढरा कांदा चांगला आला, वेण्या करून माळ्यावर टांगल्या. मास्तरांच्या सुनेला मुलगा झाला. तांबडी कोंबडी मुंगसाने नेली.

"तांबडी?"

"हो."

"अरेरे. गुडघ्याचं काय म्हणते?"

दर पत्रात गुडघा असायचा. मी विसरले होते.

"गुडघा... आता बरा आहे म्हणते."

"बरा आहे?"

"अगदी बरा. दुखत नाही."

"चांगलं झालं," भाऊजी म्हणाले. "लई सोसलं तिनं. आता दुखत नाही ना, चांगलं झालं."

मी कागदाची घडी करू लागले.

"परत वाच."

"आं?"

"परत वाच गं. शेवटचं... म्हणजे शेवटपासून नको. पहिल्यापासून."

परत वाचलं. पण मघाशी काय बोलले ते धड आठवेना. कांद्याच्या जागी वाल आले. मास्तरांच्या सुनेला मुलगी झाली. भाऊजींनी ना हटकलं, ना ते हसले. एकेक शब्द तोलल्यासारखा ऐकत राहिले.

"उत्तर लिहून घे."

मी लिहून घेतलं. ते पत्र मला अजून पाठ आहे, कारण ते एवढंच होतं: 'आये, मंगळवारी दुकान उघडतोय. तू थोडी थांब. माझं एवढं होऊ दे.'

मला वाटलं, आईला भेटायला जायचं म्हणतायत. रविवारी मी ते पत्र खरोखरच पेटीत टाकलं. न टाकता फाडून फेकता आलं असतं. ते सुचलं नाही.

दिवस सतरावा

मंगळवारी उघडायचं हे भाऊजींनीच ठरवलं होतं. सृष्टीच्या गोष्टीत त्या दिवशी देवाने दोनदा 'चांगलं आहे' म्हटलंय, म्हणून आमच्यात मंगळवार शुभ.

मार्कू टाय लावून आला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रे हिंदी, हत्ती कुठे बांधलास?"

"तुझ्या जागेत मावेना," भाऊजी म्हणाले. "परत पाठवला."

लोक हसले. मार्कूही हसला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त आम्ही बुडावं असं वाटत होतं. दहापर्यंत रांग बसस्टँडला पोचली. मोरोक्कोच्या बाया डाळी हुंगून बघत होत्या, सैनिक सिगारेटी घेत होते, आणि माझ्या हातांना उसंत नव्हती. मी सुखात होते. हे लिहायला लाज वाटते, पण होते.

कोणीतरी अकॉर्डियनवाला आणला. तो वाजवायला लागला तसे भाऊजी मागच्या कोठारात गेले. वाजवणं थांबल्यावर बाहेर आले. मला वाटलं, दमले असतील.

दिवस अठरावा ते बाविसावा

सांगितलं नाही.

"पहिला आठवडा आहे," ताई म्हणायची. "आता बंद केलं तर गिऱ्हाईक म्हणेल, आलं तसं गेलं." मग म्हणाली, "तांदळाचा ट्रक येऊन जाऊ दे." ट्रक येऊन गेला. त्या शुक्रवारी भाऊजींनी पत्राचं विचारलं नाही. आम्हाला वाटलं, कामाच्या रगाड्यात विसरले.

दिवस तेविसावा

दिमोनातले आमचे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, एझ्राकाका. पोटापाण्यासाठी गाद्या भरायचे. मी गेले तेव्हा कापसाच्या ढिगात बसले होते, भुवयांनाही कापूस लागलेला.

"माझ्या एका मैत्रिणीचं विचारायचंय, काका."

"मैत्रिणीचंच असतं नेहमी. बोल."

"तिच्या घरातल्या एकाचं माणूस गेलं. परगावी. त्याला अजून कळलेलं नाही. सांगायलाच पाहिजे का?"

"नाही," ते म्हणाले. "शास्त्रात तसं बंधन नाही. ज्याला ठाऊक नाही त्याच्यावर काही नाही. आणि मातीपासून तीस दिवस उलटल्यावर कळलं तर ती दूरची बातमी. मग सात दिवस नाहीत. पायतण काढायचं, एक तास जमिनीवर बसायचं, उठायचं, कामाला लागायचं."

"एकच तास?"

"एकच. तिसाव्या दिवशी कळलं तर मात्र पुरे सात. एकतिसावा धर." त्यांनी सुई कापडात खोचली. "गेलं कोण?"

"आई."

"कोणाची? मुलगा आहे का तिला?"

मी कपड्यांना लागलेला कापूस वेचू लागले.

"मुलगा असेल तर सांगतात, पोरी. बंधन नाही, पण सांगतात. कद्दीश असतो ना. मेलेल्या आईबापासाठी मुलानं उभं राहून म्हणायची प्रार्थना. एकट्याला म्हणता येत नाही, समोर आपल्यातले दहा पुरुष आमेन म्हणायला लागतात. मुलगा नसला तर तिथलं कोणीतरी म्हणतं म्हणा. तिथे माणसं असतील की."

"असतील," मी म्हटलं.

"मग तुझ्या मैत्रिणीला सांग, सवलत आहे. पण सवलतीतला माल घरी नेऊन नीट बघावा."

मी बसने बीरशेवाला परत निघाले. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना काही नाही. बोटांवर मोजलं. फेब्रुवारी अठ्ठावीसचा. तिसावा दिवस सोमवारी, दोन मार्चला. एकतिसावा मंगळवारी.

ताईला सांगितलं. तिनेही बोटांवर मोजलं.

"म्हणजे आठ दिवस थांबलो तर सात दिवस वाचतात," ती म्हणाली.

आपण काय बोललो ते तिला लगेच कळलं असावं. तिने ताट उचललं आणि मोरीत जाऊन घासत बसली. स्वच्छच होतं ते.

दिवस सत्ताविसावा

शुक्रवार. पत्राचं विचारलं नाही.

इथे थोडं पुढचं

एकतिसाव्या दिवशी काय झालं ते सांगायला मी छप्पन्न वर्षं घेतली, तेव्हा आणखी चार ओळी उशीर झाला तर चालेल.

मी बीरशेवाचं काउंटर नऊ वर्षं सांभाळलं, मग सगळ्या दुकानांची खरेदी. लग्न केलं नाही. भाऊजींनी मला कधी कमी केलं नाही, कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. बैठकीत माझी खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला असायची. फक्त त्यांनी पुढे कधीही, कसलाही कागद मला वाचायला दिला नाही. बँकेचं, वकिलाचं, लग्नाची पत्रिकासुद्धा नाही. माझ्यादेखत दुसऱ्याला हाक मारायचे. पन्नाशीनंतर शिकवणी लावून स्वतः वाचायला शिकले. वर्तमानपत्रात त्याचं कौतुक छापून आलं, हा माणूस कसा जिद्दीचा म्हणून.

म्हात्रे मास्तरांचं पुन्हा पत्र आलं नाही. मेलेल्या बाईच्या नावावर आलेलं 'तू थोडी थांब' त्यांनी उघडलं असणार, वाचलं असणार. त्यांना काय वाटलं असेल, हा विचार मी करत नाही. म्हणजे करते.

दिवस एकतिसावा

सकाळी ताई भाऊजींवर चिडली होती. दुकानात जायचं आणि अंगात तो जुना, कॉलर विरलेला सदरा. "गिऱ्हाईक काय म्हणेल?" ते म्हणाले, "आज हाच."

दहाच्या सुमाराला मी काउंटर दुसऱ्या मुलीकडे दिलं आणि मागे कोठारात गेले. ताई दाराशीच उभी होती, आत यायला तयार नव्हती. भाऊजी तेलाचे डबे मोजत होते.

"भाऊजी, पत्र आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हातातला डबा खाली ठेवला. मग एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही कडेला ठेवले. एक रिकामं खोकं पायाने चपटं केलं आणि त्यावर बसले. जमिनीवर.

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"तो खोकी कापायचा चाकू दे."

मी दिला. त्यांनी सदऱ्याच्या डाव्या बाजूला, काळजावर, पात्याने एक चीर दिली आणि दोन्ही हातांनी ती फाडली. आईबापासाठी फाडतात तशी. विरलेलं कापड, आवाजसुद्धा झाला नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"तुला कोणी शिकवलं नाही वाटतं भायखळ्यात. लग्नाच्या पत्राला कोपऱ्यावर हळदीचं बोट. मयताच्या पत्राचा कोपरा फाडलेला. अक्षर न येणाऱ्यालाही हातात घेतल्याबरोबर कळावं म्हणून." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मास्तरांनी रीतीनं फाडला. पोस्टानं नाही."

"मग त्या शुक्रवारी..."

"तू वाचलं नाहीस. म्हणून मी ऐकलं नाही. ज्यानं ऐकलं नाही त्याच्यावर बंधन नाही. एझ्राकाकाकडे तूच एकटी गेली होतीस असं वाटतं तुला?"

दाराशी ताईचा श्वास ऐकू आला.

"मी दर दिवस मोजलाय," ते म्हणाले. "आयेला कळेल. घाण्याला बैल जुंपलेला असला की ती बापाच्या वर्षदिवसाच्या प्रार्थनेतूनही मधेच उठायची. वाच आता. खरं वाच."

मी वाचलं. 'पहाटे वारल्या.' 'माती दिली.' इथवर ते मान हलवत होते, हिशेब जुळत आल्यासारखे. मग मी खालच्या ओळींवर आले.

'एक गोष्ट लिहू नये असे वाटत होते, परंतु मातोश्रींनी तीनदा बजावले म्हणून लिहितो. तुमच्या लोकांची आता येथे तीनच घरे उरली आहेत. दहा पुरुष जमेनात. चौलला व अलिबागेस माणूस धाडला, तेव्हा सहा झाले. मी, माझे दोघे मुलगे व जनार्दन होडीवाला असे चौघे डोक्यास रुमाल बांधून उभे राहिलो. परंतु तुमचे रुबेनकाका रडत म्हणाले, मास्तर, तुम्ही चालत नाही. तेव्हा ती तुमची प्रार्थना येथे झालीच नाही. पुढेही होईल असे दिसत नाही. मातोश्रींना हे आधीपासून ठाऊक होते. त्या म्हणत, इकडे नाही झाली तरी चिंता नको, रहमीम तिकडे म्हणेल, त्याच्या गावात दहा काय, सगळेच आपले. तरी हे पत्र हाती पडताच, त्याच दिवशी...'

"थांब," भाऊजी म्हणाले.

मी थांबले.

"हे त्यात होतं?"

"हो."

"त्या शुक्रवारी होतं?"

"हो."

"तू वाचलं होतंस?"

"तुम्हाला कळलं होतं ना, भाऊजी! तुम्हाला सगळं कळलं होतं..."

"मेली एवढंच कळलं होतं!" ते ओरडले. आयुष्यात एकदाच माझ्यावर ओरडले ते. "कोपऱ्यावरनं एवढंच कळतं! बाकीचं तू वाचायचं होतंस. मी धरून चाललो तिकडे कोणीतरी म्हटलं असेल. रुबेनकाका आहेत, चौलचे आहेत. मी म्हटलं, माझे सात दिवस तेवढे चुकतील. माझेच चुकतील..."

ताई आत आली. तिला या ओळी आत्ताच पहिल्यांदा कळल्या होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर चाळीस वर्षं आम्ही दोघी एका गावात राहिलो, पण त्या नजरेबद्दल कधी बोललो नाही.

भाऊजी भिंतीला धरून उभे राहिले.

"दहा माणसं आण."

मी दुकानात धावले. काउंटरवरचं घड्याळ दहा वाजून सोळा मिनिटं दाखवत होतं. आमचेच दोन कामगार. डबे उचलणारा मोरोक्कोचा हमाल. रांगेतले तीन सैनिक. बसचा ड्रायव्हर, हातातला पाव तसाच घेऊन. इराकचा एक म्हातारा. चष्मेवाला एक मास्तर. नऊ. मार्कू भाड्याचं काहीतरी विचारायला त्याच वेळी दारातून आत आला. "काय झालं?" म्हणाला. मी म्हटलं, कद्दीश. त्याने काही न विचारता खिशातून टोपी काढली आणि डोक्यावर ठेवली.

दहा जण कोठारात शिरले तेव्हा घड्याळात दहा वाजून वीस झाले होते.

तेलाच्या डब्यांमध्ये ते दाटीने उभे राहिले. भाऊजी मोज्यांवर, छातीवरचा सदरा लोंबत असलेला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कद्दीश पाठ होता, वडिलांसाठी लहानपणी वर्षभर म्हटलेला. त्यांनी सुरुवात केली. आवाज रेवदंड्याचा, उच्चार रेवदंड्याचे. एरवी मार्कू अशा उच्चारांची नक्कल करायचा. दोन ठिकाणी ते अडकले, आणि दोन्ही वेळा मार्कूने हळूच पुढचा शब्द दिला. सगळे आमेन म्हणाले. भिंती जवळ होत्या, त्यामुळे तो आवाज फार मोठा वाटला.

मग एकेकाने जवळ येऊन नेहमीचं सांत्वनाचं वाक्य म्हटलं आणि बाहेर गेला. ड्रायव्हरने विचारलं, "आज गेली?" भाऊजी म्हणाले, "नाही."

कोठारात आम्ही तिघंच उरलो.

"किती वेळ लागला?" त्यांनी मला विचारलं.

"म्हणायला?"

"माणसं जमायला."

"चार मिनिटं."

त्यांनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिले. मग परत त्या चपट्या खोक्यावर बसले. तास अजून पुरा व्हायचा होता.

"तू जा," ते म्हणाले. "काउंटरवर गर्दी असेल."

मी गेले. रांगेत अकरा जण होते. त्यातल्या चौघांनी नुकतंच आत आमेन म्हटलं होतं. पहिल्या सैनिकाने सिगारेट मागितली, आणि मी दिली.